नागपुरात गॅस्ट्रोपबमध्ये दुपारचे जेवण : पैशांचे पुरेपूर मोल कसे मिळवावे

धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स, सदर आणि वर्धा मार्ग या भागांत संध्याकाळी एखाद्या बऱ्यापैकी गॅस्ट्रोपबमध्ये, म्हणजे मद्यासोबत उत्तम रेस्टॉरंटच्या तोडीचे जेवण देणाऱ्या पबमध्ये, दोघे जण बसले, तर बिल चार-पाच हजारांच्या घरात सहज जाते. त्याच जागी, त्याच स्वयंपाक्यांच्या हातचे जेवण दुपारी मात्र निम्म्याहून कमी खर्चात मिळू शकते. यामागचे कारण व्यवहाराचे आहे. अशा जागेची खरी कमाई संध्याकाळच्या मद्यविक्रीतून होते. दुपारी टेबले रिकामी असली तरी जागेचे भाडे, वातानुकूलन आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबत नाहीत, म्हणून मालक दुपारी कमी दरात का होईना पण गिऱ्हाईक यावे, अशी व्यवस्था करतो. या व्यवस्थेचा लाभ नीट विचार करून घेतला, तर चांगल्या स्वयंपाकघराची ओळख मध्यमवर्गीय कुटुंबालाही परवडते, आणि ती व्हावी असे मला मनापासून वाटते.

एक गोष्ट आधी ठरवून घ्यावी. केवळ पोट भरायचे असेल तर नागपूरकराला सावजी भोजनालयासारखा स्वस्त आणि तृप्त करणारा पर्याय दुसरा नाही, आणि त्या हिशेबाने गॅस्ट्रोपब नेहमीच महाग ठरेल. येथे पैसे द्यायचे ते घरी किंवा नेहमीच्या भोजनालयात न होणाऱ्या कामासाठी : भट्टीत भाजलेला पातळ पिझ्झा, तासन्‌तास मंद आचेवर शिजलेले मांस, हाताने वळलेला पास्ता, नीट जमलेला सॉस. ज्या वस्तूवर स्वयंपाक्याचा हात फिरला आहे तिच्यावर खर्च करावा, आणि जी वस्तू बाटलीतून ग्लासात ओतून टेबलावर येते तिच्यावरचा खर्च आवरावा. पुढील सर्व सूचना याच एका विचारातून निघाल्या आहेत.

जागा निवडताना

गॅस्ट्रोपब ही कल्पना लंडनमधली. तेथील फॅरिंग्डन रोडवरचा ‘द ईगल’ हा पब १९९१ मध्ये डेव्हिड आयर आणि माइक बेल्बेन यांनी चालवायला घेतला आणि पबच्या साध्या वातावरणात उत्तम रेस्टॉरंटच्या तोडीचे जेवण देण्यास सुरुवात केली. पदार्थ मोजके असत, ते फळ्यावर खडूने लिहिले जात आणि बाजारात जे चांगले मिळेल त्यानुसार बदलत. नागपुरातली जागा पारखतानाही हीच कसोटी लावावी. मेनू बारा पानांचा असेल आणि त्यात चिनी, मेक्सिकन, इटालियन, मोगलाई असे सगळेच असेल, तर एवढे पदार्थ रोज ताजे करणे कोणत्याही स्वयंपाकघराला शक्य नसते. त्यातला बराच माल गोठवलेला किंवा आधी करून ठेवलेला असणार, हे गृहीत धरावे. याउलट मेनू एक-दोन पानांचा असेल, त्यात ऋतूप्रमाणे बदल होत असेल, किंवा आजचा खास पदार्थ वेगळा लिहिलेला असेल, तर ते स्वयंपाकघर जागे आहे असे समजायला हरकत नाही.

आजकाल बहुतेक ठिकाणांचा मेनू मोबाइलवर पाहता येतो. तो घरीच निवांत वाचावा. दुपारच्या जेवणाचे प्रकार साधारण तीन असतात : ठरावीक किमतीत दोन किंवा तीन पदार्थांचे ‘सेट लंच’, बुफे, आणि नेहमीच्याच मेनूवर दुपारपुरती दिलेली सवलत. माझ्या मते यांपैकी सेट लंच सर्वांत फायद्याचे, कारण त्यात किंमत आधीच कळते आणि स्वयंपाकघरालाही मोजकेच पदार्थ नीट करायचे असतात. बुफेत पदार्थांची संख्या मोठी दिसते, परंतु गॅस्ट्रोपबचे जे वैशिष्ट्य, म्हणजे तव्यावरून किंवा भट्टीतून थेट ताटात येणारा पदार्थ, तेच बुफेच्या झाकणाखाली वाफ धरून मऊ पडते. मोठ्या कुटुंबासोबत जायचे असेल, लहान मुले आणि ज्येष्ठ मंडळी असतील, तर बुफे सोयीचा. दोघा-तिघांसाठी तो टाळावा.

आधी फोन करावा

जाहिरातीतली सवलत आणि टेबलावरची सवलत यांत अनेकदा अंतर असते, म्हणून निघण्यापूर्वी एक फोन करणे शहाणपणाचे. विचारण्याचे प्रश्न थोडे आहेत, पण नेमके असावेत : “सेट लंच आज आहे का, आणि किती वाजेपर्यंत? दिलेल्या किमतीत कर धरला आहे का? त्यात पेय येते का? शाकाहारी आणि मांसाहारी दोन्हींचा दर एकच आहे का? सेवाशुल्क लावता का? मुलांना आत घेता ना?” उत्तर देणाऱ्याचे नाव विचारून ठेवावे, पुढे बिलाच्या वेळी “दुपारी फोनवर तुमच्याच माणसाने असे सांगितले होते” एवढे सांगितले तरी प्रश्न सुटतो.

स्विगी डाइनआउट, झोमॅटोचे डिस्ट्रिक्ट किंवा ईझीडायनर यांसारख्या अ‍ॅपवरूनही सवलत मिळते, परंतु तिच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचाव्यात. समजा ‘३० टक्के सूट’ असे ठळक लिहिले आहे आणि खाली बारीक अक्षरांत कमाल मर्यादा ५०० रुपये दिली आहे. तर ३,००० रुपयांच्या बिलावर ९०० नव्हे, ५०० रुपयेच वाचतात आणि प्रत्यक्ष सूट १७ टक्क्यांहूनही कमी होते. शिवाय अशी सूट सेट लंचवर किंवा मद्यावर बहुधा लागू होत नाही आणि पैसे अ‍ॅपमधूनच भरावे लागतात. सेट लंच घ्यायचे की अ‍ॅपची सूट, हे घरीच हिशेब करून ठरवावे. टेबलावर बसून दोन्हींची सांगड घालण्याचा प्रयत्न सहसा फसतो.

वार आणि वेळ

सोमवार ते गुरुवार हे दिवस उत्तम. शनिवार-रविवारी सवलती नसतात किंवा आखडत्या असतात, आणि गर्दीमुळे स्वयंपाकघराचे लक्ष विखुरलेले असते. साडेबाराच्या सुमारास पोहोचावे. एक ते अडीच ही कार्यालयीन मंडळींची वेळ असते आणि दुपारच्या सवलती साधारणपणे तीन-साडेतीनला संपतात. अडीचनंतर गेल्यास सूप आटलेले, आजचा खास पदार्थ संपलेला आणि स्वयंपाकी संध्याकाळच्या तयारीला लागलेला, अशी स्थिती असण्याचा संभव अधिक.

नागपूरचे म्हणून काही हिशेब वेगळे आहेत. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, तेव्हा सिव्हिल लाइन्स, सदर आणि रामदासपेठेतील हॉटेले मुंबईहून आलेल्या मंडळींनी भरून जातात. त्या काळात टेबल आधी राखून ठेवल्याशिवाय जाऊ नये. जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर सामना असेल त्या दिवशी वर्धा मार्गावरील जागा टाळाव्यात. याउलट एप्रिल-मेच्या उन्हात, पारा पंचेचाळिशीकडे झुकलेला असताना, दुपारी बाहेर पडण्यास कोणी धजावत नाही. तेव्हा टेबल हवे तसे मिळते आणि वेटरकडेही पदार्थ समजावून सांगायला वेळ असतो. श्रावणात मांसाहारी गिऱ्हाईक घटते. त्या दिवसांत शाकाहारी पदार्थांकडे स्वयंपाकघराचे अधिक लक्ष असण्याची शक्यता असते, म्हणून शाकाहारी वाचकांनी तो महिना अवश्य आजमावून पाहावा.

मेनू कसा वाचावा

पहिला नियम असा की ज्या पदार्थात मेहनत किंवा साधनसामग्री जास्त आणि कच्चा माल सामान्य, तो पदार्थ गॅस्ट्रोपबमध्ये किमतीला उतरतो. मंद आचेवर शिजवलेला मटणाचा पाया किंवा मांडी, कोंबडीचा अखंड भाजलेला पाय, घरी केलेली सॉसेजेस, भट्टीतला पिझ्झा हे या वर्गातले. याच न्यायाने नाचोज, फ्रेंच फ्राइज, पनीर टिक्का आणि तळलेले कॉर्न हे टाळण्याच्या वर्गात जातात. त्यांत वाईट काही नाही, मात्र त्यासाठी धरमपेठेतल्या वरच्या मजल्यावरचे भाडे आपण का भरावे?

मासळीबाबत थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण गॅस्ट्रोपब म्हटले की ‘फिश अँड चिप्स’ हा पदार्थ डोळ्यांसमोर येतो आणि बहुतेक जण तोच मागवतात. नागपूर समुद्रापासून दूर. येथे मिळणारी समुद्री मासळी बर्फातून किंवा गोठवून येते, आणि पिठात बुडवून तळण्यासाठी पुष्कळ ठिकाणी बासा वापरतात. बासा हा बहुतांशी व्हिएतनाममध्ये वाढवलेला, बिनकाट्यांच्या तुकड्यांच्या रूपात गोठवून येणारा गोड्या पाण्यातला मासा आहे. तो स्वस्त असतो आणि त्याला स्वतःची चव फारशी नसते. म्हणून “मासा कोणता?” हा प्रश्न संकोच न करता विचारावा. बासा असेल तर किंमतही त्याच मानाने असावी. सुरमईच्या भावात बासा घेऊ नये.

मासा पटला, तर मग पदार्थाची पारख त्याच्या आवरणावरून करावी. चांगल्या ठिकाणी हे पीठ थंडगार बिअरमध्ये भिजवतात. बिअरमधल्या वायूचे बुडबुडे गरम तेलात फुगतात आणि आवरण हलके, पोकळ आणि कुरकुरीत होते. सुरीचे टोक लावताच ते कडकन फुटले पाहिजे आणि आतला मासा पांढऱ्याशुभ्र पापुद्र्यांत सुटला पाहिजे. आवरण माशापासून सुटून ओल्या कागदासारखे लोंबत असेल किंवा बशीत तेलाचे तळे साचले असेल, तर तेल पुरेसे तापलेले नव्हते. बटाट्याच्या फोडी दोनदा तळलेल्या असाव्यात : आधी कमी तापमानाच्या तेलात आतून शिजेपर्यंत, मग थोडे थांबून जास्त तापमानाच्या तेलात बाहेरून खुसखुशीत होईपर्यंत. हाताने कापलेल्या फोडींची लांबी-रुंदी सारखी नसते आणि कुठे कुठे साल राहिलेली असते. सगळ्या फोडी एकाच मापाच्या असतील तर त्या बहुधा पाकिटातून आल्या आहेत. हा पदार्थ मागवल्यावर गप्पा नंतर माराव्यात, आधी खावे, कारण दहा मिनिटांनी त्याची रया जाते.

बर्गरविषयी एवढेच, की महाराष्ट्रात तो सहसा कोंबडीच्या किंवा बकऱ्याच्या खिम्याचा असतो, आणि बकऱ्याच्या मांसात चरबी कमी असल्याने तो लवकर कोरडा पडतो. खिमा तेथेच वळतात की तयार टिक्की वापरतात, हे विचारून मगच ठरवावे.

शाकाहारी मंडळींवर अशा मेनूत बऱ्याचदा अन्याय होतो. मांसाहारी पदार्थाच्या बरोबरीची किंमत आणि ताटात मात्र मशरूम, ब्रोकोली आणि क्रीम. त्यांनी आपले पैसे कारागिरीच्या पदार्थांकडे वळवावेत. घरी केलेली न्योकी (बटाट्याचे छोटे इटालियन गोळे), भट्टीतून निघालेला खमीरयुक्त पाव, भाजलेल्या भोपळ्याची किंवा वांग्याची एखादी निगुतीने केलेली बशी, हे पदार्थ घेण्यासारखे. ठेचा, झुणका किंवा पातोडी यांना नवे रूप दिलेला एखादा पदार्थ दिसला, तर तो जरूर मागवावा. वैदर्भी चवीच्या गिऱ्हाइकापुढे ठेचा ठेवण्याचे धाडस करणारा स्वयंपाकी त्यावर कष्ट घेतल्याशिवाय राहत नाही, आणि त्याची पारख करायला आपल्याइतके अधिकारी कोण?

मागवण्याची रीत

सगळे एकदम मागवू नये. दोघांनी एक सुरुवातीचा पदार्थ वाटून घ्यावा, मुख्य पदार्थ दोघांनी वेगवेगळे घ्यावेत आणि अर्धे-अर्धे करावेत. गोड पदार्थाचा निर्णय त्यानंतर. सेट लंच एकाने आणि मेनूतला एखादा खास पदार्थ दुसऱ्याने, ही जोडीही चांगली ठरते, मात्र सेट लंच वाटून खाण्यास काही ठिकाणी मनाई असते, ते आधी विचारावे. उरलेले अन्न पार्सल करून मागण्यात कमीपणा मानू नये.

वेटरशी बोलण्याचा सूर येथे फार महत्त्वाचा. “भाऊ, आज ताजे काय आहे? तुम्ही स्वतः काय घ्याल?” असे आपुलकीने विचारले, की मेनूत न दिसणारी माहिती मिळते. तो नेहमी सर्वांत महागडाच पदार्थ सुचवत असेल, तर “यातले दुपारच्या ऑफरमध्ये कोणते येते?” असे स्पष्ट विचारावे.

पाण्याची बाटली न सांगता उघडली जाते, तेव्हा बसताक्षणी “साधे फिल्टरचे पाणी द्या” असे सांगावे. बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा अधिक दराने विकण्यास हॉटेल-रेस्टॉरंटांना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ च्या निकालात मुभा दिली आहे, त्यामुळे बाटली उघडल्यानंतर त्यावर वाद घालून उपयोग होत नाही.

मद्य आणि परतीचा प्रवास

दुपारच्या जेवणाचा हिशेब सर्वाधिक बिघडतो तो येथे. ज्यांना बिअर घ्यायची आहे त्यांनी एक ग्लास घ्यावा आणि तो जेवणासोबत चवीने संपवावा. ‘एकावर एक मोफत’ ही योजना जेवायला आलेल्या माणसाच्या फायद्याची नसते, कारण जे पेय आपण एरवी घेतलेच नसते त्याचे पैसे त्यात मोजतो. खाद्यपदार्थांवर वस्तू व सेवा कर लागतो, तर मद्य त्या कराच्या बाहेर असून त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर लागतो. परमिट रूममधील मद्यावरचा हा कर महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांवरून १० टक्के करण्यात आला. राज्यात बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१ वर्षे आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे आहे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास मद्यविक्री बंद असते. त्या दिवशी केवळ जेवायला जाणाऱ्याला मात्र शांतता लाभते.

एक ग्लास घेतला तरी गाडी चालवू नये. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्यासाठीही १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. धरमपेठ-शंकरनगर भागासाठी मेट्रोच्या अ‍ॅक्वा मार्गावरील शंकरनगर चौक आणि एलएडी चौक ही स्थानके, तर सदरकडे जाण्यासाठी ऑरेंज मार्गावरील कस्तुरचंद पार्क स्थानक सोयीचे आहे. पार्किंगचा शोधही त्यामुळे वाचतो.

बिल तपासताना

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. दोघांनी प्रत्येकी ५९९ रुपयांचे सेट लंच घेतले, तर १,१९८ रुपये होतात, त्यावर ५ टक्के कर मिळवून बिल सुमारे १,२५८ रुपये. तेच दोघे मेनूतून ४२५ चा सुरुवातीचा पदार्थ, प्रत्येकी ५७५ चे दोन मुख्य पदार्थ, ३७५ चा गोड पदार्थ, प्रत्येकी २९५ ची दोन मॉकटेल (बिनमद्याची मिश्र पेये) आणि ९० रुपयांचे पाणी घेतात, तेव्हा बेरीज २,६३० होते. त्यावर १० टक्के सेवाशुल्क, आणि त्या सर्वावर ५ टक्के कर लावला, की बिल ३,०३८ च्या जवळ जाते. या बिलातील मॉकटेल, पाणी आणि सेवाशुल्क एवढीच रक्कम ९४३ रुपये आहे, आणि तिच्यात स्वयंपाकघराचा हात जवळजवळ नाही.

सेवाशुल्काबाबत नियम स्पष्ट आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोणतेही रेस्टॉरंट बिलात आपोआप सेवाशुल्क जोडू शकत नाही, आणि ते दुसऱ्या नावानेही वसूल करता येत नाही; दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना उचलून धरल्या. बिलात ते दिसले तर मॅनेजरला बोलावून शांतपणे काढायला सांगावे. तरीही नकार मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

कराच्या रकमेकडेही पाहावे. स्वतंत्र रेस्टॉरंटच्या जेवणावर ५ टक्के कर असतो आणि तो बिलात केंद्राचा २.५ व राज्याचा २.५ असा दोन ओळींत दिसतो. गॅस्ट्रोपब एखाद्या मोठ्या हॉटेलच्या आवारात असेल आणि त्या हॉटेलातील खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक असेल, तर हा दर १८ टक्के असू शकतो. म्हणजे १,००० रुपयांच्या जेवणामागे १३० रुपयांचा फरक. जागा निवडतानाच हे ध्यानात घ्यावे. बिलावर पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक असावा आणि महाराष्ट्रातील आस्थापनेचा तो २७ ने सुरू होतो. खाण्याच्या ओळी आणि मद्याच्या ओळी वेगळ्या आहेत ना, मद्यावर जीएसटी लावलेला नाही ना, अ‍ॅपची सूट आधी वजा झाली आहे ना, हे तपासायला दोन मिनिटे पुरतात.

सेवाशुल्क नाकारले म्हणून वेटरला रिकाम्या हाती सोडू नये. सवलतीच्या जेवणात त्याचे श्रम कमी होत नाहीत, बक्षिसी मात्र आटते. सेवा मनासारखी झाली असेल, तर बिलात न लिहिता शे-सव्वाशे रुपये रोख त्याच्या हातात द्यावेत, आणि कोणता पदार्थ चांगला जमला होता ते नाव घेऊन स्वयंपाक्याला कळवायला सांगावे.